गॅदरिंगची तारीख नाशिक ठरवायचं

आमचं गॅदरिंग कधी, हे प्राचार्यांना विचारून उपयोग नसे. 1998 साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं. त्याआधी राज्यातली वैद्यकीय कॉलेजं आपापल्या भागातल्या विद्यापीठांना जोडलेली होती. मी 2002 मध्ये बीएएमएसला आले तोवर सगळ्यांचं वेळापत्रक नाशिकहून निघू लागलं होतं. हिवाळी परीक्षेचा शेवटचा पेपर कळला की सांस्कृतिक सचिव मांडववाल्याकडे धावायचा. परीक्षा पुढे गेली की मांडवही पुढे.

संस्थेच्या आवारात आयुर्वेद, होमिओपॅथी, डेंटल, फिजिओ आणि नर्सिंग अशी पाच कॉलेजं होती. मैदान एक, मेस एक, म्हणून गॅदरिंगही एकच. एरवी कॅन्टीनमध्ये प्रत्येकाचं टेबल ठरलेलं. त्या चार दिवसांत मात्र राजाचा मुकुट डेंटलवाल्यांनीच करायचा, कारण प्लास्टर आणि मेण त्यांच्याच लॅबमध्ये; कबड्डीत पायाला गोळा आला की हाक फिजिओला. होमिओपॅथीत औषध जितकं पातळ करावं तितकी त्याची ताकद, म्हणजे पोटन्सी, वाढते असं मानतात. मेसची डाळ पातळ झाली तेव्हा होमिओपॅथीचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, “पातळ नाही, पोटन्सी वाढवलीय.” तो पुढे वर्षभर ‘पोटन्सी’ म्हणूनच ओळखला गेला.

फिशपॉन्ड आमचे खास. मला मिळालेला अजून पाठ आहे: ‘कफ प्रकृती. सकाळचं लेक्चर वर्ज्य. अनुपान: हॉस्टेलची गादी.’ अनुपान म्हणजे औषध ज्याच्यासोबत घ्यायचं ते. सगळा मांडव हसला, आमचे द्रव्यगुणाचे, म्हणजे औषधी द्रव्यांचा विषय शिकवणारे, सर सर्वांत मोठ्यानं. (व्हायवात मात्र त्यांनी अनुपानच विचारलं.) भाषणं, बक्षीस समारंभ, पाहुणे यांतलं काहीही आठवत नाही.

आठवते ती नर्सिंगची मैत्रीण. आमच्या परीक्षा संपल्या की आम्ही मोकळे. तिच्या ड्युट्या गॅदरिंगमध्येही चालूच. त्या वर्षी तिची लावणी संध्याकाळी सातला आणि नाइट आठला. नाचून उतरली, पिना काढत काढत निकाल ऐकला, युनिफॉर्म चढवला आणि धावत वॉर्ड गाठला. चेहरा धुतला होता, हातांचा अलता तसाच. पुढचं तिनंच सांगितलं. हँडओव्हर घेताना इन्चार्ज सिस्टरांनी तिच्या बोटांकडे पाहिलं.

“नंबर आला का?”

“दुसरा, सिस्टर.”

“बरं. चौदा नंबरचं सलाइन संपत आलंय, बघ.”