मीटर १२० दाखवत होता

मोटरहोममधला टीव्ही, कन्व्हर्टर आणि फ्रिजचा बोर्ड जळाला होता. गरम पाण्याचा हीटर मात्र शाबूत. मालकाचा राग अडॅप्टरवर, म्हणजे ५० अँपियरचा प्लग ३० अँपियरच्या सॉकेटात लावायचा तो. पण त्या रात्री गाडी थेट ५० अँपियरवर होती. उलट अडॅप्टर लावला असता तर काहीच जळलं नसतं, हे त्याला पटता पटेना.

अमेरिकेतल्या आरव्ही, म्हणजे मोटरहोमसारख्या गाड्यांच्या, पार्कांत तीसच्या तीन पिनी सॉकेटात १२० व्होल्टची एकच लाइन, म्हणजे फार तर ३,६०० वॉट. पन्नासच्या चार पिनीत अशा दोन लाइनी, त्यांच्यात आपसांत २४० व्होल्ट, आणि दोघींना न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, एकच. अडॅप्टर गाडीच्या दोन्ही बाजू एकाच लाइनीला जोडतो. तिथे न्यूट्रल तुटला तर गाडी नुसती बंद पडते. पन्नासवर तुटला तर दोन्ही बाजूंची उपकरणं २४० वर सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक, येतात. जड लोडची बाजू मंदावते, हलक्या बाजूवर व्होल्टेज चढतो. टीव्ही मरतो तो असा.

पार्कच्या माणसाने सॉकेट तपासून ‘ओके’ म्हटलं होतं. मीही मीटर लावला: १२०, १२०, २४१. पण मीटरला लागणारा करंट इतका नगण्य, की सैल, काळवंडलेल्या जोडातूनही तो सहज जातो. मग टेस्ट कॉर्डवरून एका लाइनीला १,५०० वॉटचा हीटर आणि दुसरीला ५०० वॉटचा हॅलोजन लावला. हॅलोजन पांढराफटक पेटला. मीटरवर ८४ आणि १५७. लगेच ब्रेकर पाडला, सॉकेट बाहेर काढलं. न्यूट्रलचा स्क्रू अर्धा फेरा सैल, तारेवरचं इन्सुलेशन बोटभर तपकिरी, नखाने तुकडे पडत होते.

तार लखलखीत तांबं लागेपर्यंत छाटली, नवं सॉकेट बसवलं, स्क्रू टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मोजून आवळले. आकडा उत्पादकाने दिलेला असतो. तरी हाताच्या अंदाजाने आवळणारेच जास्त भेटतात, आणि हे जोड त्यांचेच.

गाडीत सर्ज प्रोटेक्टर होता. साधा प्रोटेक्टर क्षणिक झटका झेलतो, तासभर चढून बसलेल्या व्होल्टेजपुढे त्याचं काही चालत नाही. त्यासाठी १०४ च्या खाली किंवा १३२ च्या वर गेलं की पुरवठाच तोडणारं यंत्र लागतं. मालकाने ते आता घेतलंय.

बाकीचे सॉकेटांचे खांबही लोड लावून तपासा, असं पार्कला लिहून दिलं. ‘मीटरने बघितलेत’ एवढंच उत्तर आलं.