फेलाचा दावा: चूक थोडी पुरते, तारीख चुकली की संपलं

अमेरिकेत रेल्वे कामगाराला कामामुळे कॅन्सर झाला, तर कारखान्यातल्या कामगारासारखी ठरलेल्या तक्त्यातून भरपाई त्याला मिळत नाही. कारखान्यात मालकाची चूक दाखवावी लागत नाही. आपल्याकडच्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचंही तत्त्व तेच होतं. रेल्वेला मात्र १९०८ चा फेडरल एम्प्लॉयर्स लायबिलिटी अ‍ॅक्ट लागतो, ज्याला तिथे सगळे ‘फेला’ म्हणतात. त्यात कंपनीचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. त्या बदल्यात रकमेला तक्त्याची मर्यादा नाही. वेदना, बुडालेला पगार, उपचार, सगळ्याचा आकडा ज्युरी ठरवते.

हलगर्जीपणा किती दाखवायचा? कायद्याचे शब्द ‘पूर्णतः किंवा अंशतः’ असे आहेत. कंपनीच्या चुकीचा वाटा अगदी किंचित असला तरी पुरे, असं सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये रॉजर्स खटल्यात म्हटलं आणि २०११ च्या मॅकब्राइड निकालात ते कायम ठेवलं. कामगार सिगरेट ओढायचा म्हणून दावा बाद होत नाही, फार तर त्याच्या वाट्याइतकी रक्कम कापली जाते. ‘धोका ठाऊक असूनच नोकरी धरली’ हा बचाव १९३९ च्या दुरुस्तीनंतर चालतच नाही.

आजारही या कायद्यात बसतो, हे १९४९ च्या युरी निकालाने पक्कं झालं. चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर वाळू सोडतात. त्या वाळूची धूळ इंजिनावर काम करणाऱ्या युरीच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं गेली आणि त्याला सिलिकोसिस, म्हणजे धुळीमुळे होणारा फुप्फुसाचा आजार, झाला. इतक्या संथ आजारात मुदत पहिल्या श्वासापासून मोजणं अन्यायाचं आहे, हेही त्याच निकालात आलं.

मुदत तीन वर्षांची. आजार झाला आहे आणि तो कामामुळे झाला असावा, हे कामगाराला कळलं, किंवा जरा चौकशी केली असती तर कळलं असतं, त्या दिवसापासून ती मोजतात. बरेच दावे इथेच बुडतात. लोक वकिलाला भेटले ती तारीख धरतात. कंपनीचा वकील मात्र डॉक्टरच्या जुन्या कागदात ‘अ‍ॅस्बेस्टॉसशी संपर्क’ असा शेरा शोधतो आणि चार वर्षांपूर्वीची तारीख पुढे करतो. कंपनीचा क्लेम एजंट सहानुभूतीने विचारतो, ‘कामाचा संबंध असेल असं कधीपासून वाटतंय?’ ते रेकॉर्डवर जातं. प्रश्न दिसतो तेवढा भाबडा नसतो. आणि कामगाराच्या हयातीतच मुदत संपली असेल, तर त्याच्या मृत्यूनंतर बायकोमुलांना नव्याने तीन वर्षं मिळत नाहीत. १९३१ पासून नियम असाच आहे.

चुकीचं स्वरूप कामागणिक बदलतं. इंजिनावरच्या माणसाला डिझेलचा धूर: न लागणाऱ्या खिडक्या, धुराडं केबिनच्या पुढे येईल असं उलटं चालवलेलं इंजिन, शेडमध्ये तासन्‌तास सुरू ठेवलेली इंजिनं आणि बंद पंखे. वर्कशॉपमध्ये बॉयलर आणि पाइपांवरचं अ‍ॅस्बेस्टॉसचं आवरण, गॅस्केट, ब्रेक शू. रुळांवरच्या गँगला क्रिओसोट (लाकूड कुजू नये म्हणूनचं डांबरी तेल) मुरवलेले लाकडी स्लीपर आणि खडी टाकताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ. अ‍ॅस्बेस्टॉस आणि सिलिका कर्करोगकारक म्हणून आधीच ठरलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूरही त्या वर्गात घातला. क्रिओसोट अजून ‘बहुधा’च्या वर्गात आहे, आणि ‘बहुधा’वर कंपनी भरपूर वाद घालते.

कारण ज्युरी चुकीबाबत उदार असली, तरी वैद्यकीय पुराव्यात सूट नाही. तज्ज्ञाने दोन गोष्टी सांगायच्या असतात: हा पदार्थ हा कॅन्सर करू शकतो, आणि या माणसाला त्यानेच केला. ५४,९७३ अमेरिकन रेल्वे कामगारांचा १९५९ ते १९९६ असा पाठपुरावा झाला. डिझेल गाड्यांवर काम करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ४० टक्के जास्त दिसले. पण नोकरीची वर्षं वाढली तसा धोका वाढलेला दिसला नाही, आणि कंपनीचा तज्ज्ञ तेवढंच वाक्य वाचून दाखवतो. म्हणून कामाचा तपशील हवा: कुठलं यार्ड, कुठली शिफ्ट, किती तास. रेल्वे कामगारांचं पेन्शन पाहणाऱ्या सरकारी रेलरोड रिटायरमेंट बोर्डाच्या नोंदीत कंपनी आणि नोकरीचे महिने मिळतात, काम कसलं होतं ते नाही. ते सिनिऑरिटी यादीतून आणि जुन्या सोबत्यांच्या साक्षीतून उभं करावं लागतं. बायोप्सीचे नमुने हॉस्पिटल कायम ठेवत नाही. जपून ठेवा असं लेखी कळवावं.

दावा राज्याच्या कोर्टात टाकला तर कंपनी तो केवळ आपल्या सोयीसाठी फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात ओढू शकत नाही. कुठल्या राज्यात, हा गुंता वेगळा. कंपनी तिथे धंदा करते एवढ्यावर कुठल्याही राज्यात दावा टाकायची दारं २०१७ च्या टायरेल निकालाने अरुंद केली. २०२३ मध्ये मॅलरी खटल्यात पेनसिल्व्हेनियाचं एक दार उघडं राहिलं: तिथे धंद्यासाठी नोंदणी केलेल्या कंपनीवर तिथे दावा टाकता येतो. तिथला वादी कॅन्सरचा रेल्वे कामगारच होता.

तडजोडीचा आकडा ऐकून हुरळू नये. वकिलाची फी बहुधा एक तृतीयांश, खर्च वेगळा. आजारपणात रिटायरमेंट बोर्डाने दिलेला सिकनेस भत्ता बोर्ड त्यातून परत घेतं, मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) केलेला खर्चही वळता होतो. शिवाय बुडालेल्या पगाराच्या वाट्यावर रेलरोड रिटायरमेंटचा कर लागतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे कुठली रक्कम कुठल्या नावाखाली लिहायची, हे सही करण्याआधीच ठरवून घ्यायचं.