एक कार्ड, तीन तारखा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका जुन्या वाचनालयाचे फोटो आणि पत्रं स्कॅन करायचं काम चालू होतं. त्या दिवशी टेबलावर शाळेचा फ्रेममधला ग्रूप फोटो आला आणि त्याबरोबर मुंबईहून आलेल्या पोस्टकार्डांचा गठ्ठा. फ्रेमच्या पाठीवर कुणीतरी बॉलपेनने ‘सन १९१०’ लिहिलं होतं. बॉलपेन म्हणजे ती नोंद फोटोच्या कितीतरी नंतरची. अशा नोंदीवर आम्ही सहसा विसंबत नाही.

फोटो काचेला चिकटला होता. कोकणात हे नेहमीचंच. दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंटची (पुठ्ठ्याच्या चौकटीची) फट नसेल तर काचेला धरतो आणि उन्हाळ्यात तसाच वाळतो. ओढला की चेहरे काचेवर राहतात. पाण्यात भिजवून सोडवायचा सल्ला बरेच जण देतात, पण आधीच कमकुवत झालेला थर पाण्यात फुगून सुटतो. फक्त मागचा पुठ्ठा काढला, काच आणि फोटो एकत्रच ठेवले आणि काचेतूनच कॅमेऱ्याने टिपलं: दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, कॅमेऱ्यासमोर काळं कापड, त्याला फक्त लेन्सपुरतं भोक. कापड नसेल तर कॅमेराच काचेत दिसतो. फोटोत शाळेवर मंगळुरी कौलं स्पष्ट दिसत होती.

आता गठ्ठा. निम्म्या कार्डांचे कोपरे फाटलेले, कारण घरातल्या कुणीतरी तिकिटं जमवली होती. तिकिटाबरोबर शिक्का जातो आणि शिक्क्याबरोबर तारीख. एक कार्ड मात्र शाबूत राहिलं होतं. पुढे क्रॉफर्ड मार्केटचं चित्र, रस्त्यात घोड्यांची ट्राम, वर तारा नाहीत. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली आणि विजेची ७ मे १९०७ ला. तेव्हा चित्र विजेच्या ट्रामच्या आधीचं.

पाठीमागे मात्र पंचम जॉर्जचं ३ पैचं तिकीट. सातव्या एडवर्डचं ३ पैचं तिकीटही करड्याच रंगाचं, दोघांनाही दाढी, त्यामुळे घाईत गोंधळ होतो. डोकं पाहायचं: भारतातल्या तिकिटांवर एडवर्डचं डोकं उघडं, जॉर्जच्या डोक्यावर मुकुट. जॉर्जची तिकिटं डिसेंबर १९११ पासूनची. प्रकाशक जुनीच चित्रं वर्षानुवर्षं छापून विकत, म्हणून चित्राची तारीख ही पत्राची तारीख धरता येत नाही. शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा कार्डावर. कार्डावरच्या अर्ध्यात, टॉर्च आडवा धरल्यावर, फेब्रुवारी १९१४ लागलं.

मजकूर मोडीत होता. मोडीत आधी ओळभर रेघ मारून अक्षरं तिला टांगतात, शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. वाचून देणाऱ्या सहकाऱ्याने तारीख काढली: माघ शुद्ध ७, शके १८३५. यादीत आधी कुणी तरी ७८ मिळवून १९१३ लिहून ठेवलं होतं. नेहमीची चूक. शकाचं वर्ष चैत्रात बदलतं, इंग्रजी जानेवारीत. म्हणून १ जानेवारी ते फाल्गुन अमावास्या या काळात ७९ मिळवायचे. १९१४ आलं आणि शिक्क्याशी जुळलं.

पत्र गावच्या चाकरमान्यांच्या वर्गणीबद्दल होतं. शाळेवरचा गवताचा शाकार काढून टाकायचा, कौलं गलबतात चढवली आहेत, पावसाळ्यात बंदर बंद होण्याआधी ती घालून घ्यावीत, असा मजकूर. म्हणजे कौलारू शाळेचा फोटो १९१४ च्या फेब्रुवारीनंतरचाच! पुढची मर्यादा फोटोतल्या एका मुलाच्या घरच्यांकडून मिळाली: पहिल्या रांगेतला तो मुलगा १९१८ च्या इन्फ्लुएन्झात गेला. नोंदीत १९१० खोडलं नाही. ‘फ्रेमवरील मजकूर’ या रकान्यात तसंच ठेवलं आणि शेजारी ‘१९१४ ते १९१८, कार्डावरून’ असं लिहिलं.

दोन्ही बाजू स्कॅन केल्या. मागची बाजू टाळणं हा या कामातला सगळ्यात महागडा आळस आहे. साधारण साडेतीन बाय साडेपाच इंचांच्या कार्डाला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) पुरतं. २४ बिट रंगात टिफ फाइल एका बाजूची साधारण २१ एमबी होते. क्रमांक एकच, पुढच्या बाजूला ‘अ’, मागच्या बाजूला ‘ब’. कार्डावर क्रमांक घातला तो २बी पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. प्लॅस्टिकचा लेप असलेल्या अलीकडच्या रंगीत प्रिंटवर पेन्सिल उठत नाही. तिथे पाकिटावर लिहून मग फोटो आत घालतो. पाकीट आम्लविरहित कागदाचं किंवा पॉलिएस्टरचं. बाजारातली वास येणारी मऊ पीव्हीसी पाकिटं वर्षा-दोन वर्षांत फोटोला चिकटायला लागतात. काही सदस्य कार्डांना लॅमिनेशन करा म्हणत होते. त्यांना नाही म्हणायला स्कॅनिंगपेक्षा जास्त वेळ लागला.