देवीची काटकी

जूनचा शेवटचा आठवडा होता. पाटण तालुक्यातल्या एका देवराईत एम.एस्सी.च्या आठ मुलांना घेऊन गेले होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ऑर्किडचा पत्ता फुटला की पुढच्या पावसात ते तिथे सापडेलच असं नाही.

देवळामागे एक जुना ओंडका आडवा पडला होता, पायाने दाबला तर भुसा व्हावा इतका सडलेला. त्याच्या कडेला पालापाचोळ्यातून वीत-दीड वीत उंचीचे तीन पांढुरके दांडे वर आले होते. पान एकही नाही. टोकाशी खाली मान घातलेली मेणकट फुलं, आत गुलाबी ठिपके. "मॅडम, कुत्र्याची छत्री," एक मुलगा म्हणाला आणि पुढे निघाला. मी गुडघ्यावर बसले, भिंग लावलं. फुलात ऑर्किडची ओठासारखी पाकळी दिसली आणि माझी छाती धडधडायला लागली. एपिपोगियम रोझियम. अठरा वर्षं शिकवतेय, पण प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहत होते.

या वनस्पतीत हिरवेपणा नाहीच. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात रोपासाठी शिदोरी नसते. म्हणून निसर्गात रुजताना प्रत्येक ऑर्किडला बुरशीची मदत लागते. बहुतेक ऑर्किडं पुढे पानं फोडून स्वतःचं अन्न करू लागतात. हे मात्र जन्मभर बुरशीवरच जगतं. हिरव्या झाडाच्या हरितलवकात साधारण दीड लाख अक्षरांचा जनुकीय मजकूर असतो. याच्यात उरलाय जेमतेम १९ हजारांचा. प्रकाशसंश्लेषणाची जनुकंच गळून गेली आहेत. आणि ज्या बुरशीवर हे पोसतं ती सडकं लाकूड, पाचोळा कुजवणारी. म्हणजे ओंडक्यातलं अन्न बुरशीत आणि बुरशीतलं या फुलात. वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली नुसता कंद असतो. वर येतं ते थोड्या दिवसांपुरतं, फुलायला आणि बी टाकायला.

हे सगळं मुलांना सांगितलं आणि लगेच, सवयीने, म्हणाले, "एक दांडा कंदासकट काढा, हर्बेरियम शीट करू." म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेला संग्रहाचा नमुना. मुलाने खुरपं काढलंसुद्धा.

"बाई, हितली काटकीबी न्हेत न्हाई आमी," मागून गुरवबाबा म्हणाले. "देवीची हाय."

आवाज चढा नव्हता, पण मुलाचा हात थांबला. मी ओंडक्याकडे पाहिलं. बाहेरच्या रानात असा ओंडका दोन पावसाळे टिकत नाही, चुलीत जातो. इथे पिढ्यान्‌पिढ्या कुणी पडलेलं लाकूड उचललं नाही म्हणून ही बुरशी होती, आणि बुरशी होती म्हणून हे फूल. शीटवर मी काय चिकटवणार होते? अर्धी वनस्पती तर त्या ओंडक्यातच राहिली असती. मोजमापं घेतली, फोटो काढले, खुरपं पिशवीत गेलं.

निघताना बाबांनी जे सांगितलं त्याने पोटात गोळा आला. देवळाचा जीर्णोद्धार ठरला होता. मागची बाजू साफ करून पेव्हर ब्लॉक बसवायचे होते, ओंडके ट्रॉलीत भरून हलवायचे होते.

त्या संध्याकाळी आमची परतीची एसटी चुकली. मी देवळाच्या पायरीवर बसून गावातल्या चार कर्त्या माणसांना मोबाइलवर ती फुलं दाखवत होते. जीर्णोद्धाराला माझा विरोध नाही, हे आधी सांगितलं. एकाने विचारलं, "याचं औषध हुतं का?" नाही म्हणाले. "मग काय कामाचं?" याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. तेवढ्यात गुरवबाबाच म्हणाले, "आरं, देवीनं ठिवलंय ते. आपुन कशाला हलवायचं?"

पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. देवळापुढे खडी पडली होती. मागे दांड्यांचा मागमूस नव्हता. ओंडका मात्र जागच्या जागी होता, आणि कुणीतरी त्याच्याभोवती चार दगड मांडून त्यावर हळद-कुंकू वाहिलं होतं.