जावातल्या डोंगरगावात जमीन नावावर करताना : माझा अनुभव

इंडोनेशियात परदेशी माणसाला जमिनीची मालकी मिळत नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण माहेरचे अजूनही फोनवर विचारतात की तुझ्या नावावर किती झालं. काही नाही झालं आणि होणारही नाही. यांचा १९६० चा जमिनीचा मूळ कायदा आहे, त्याच्या कलम २१ प्रमाणे पूर्ण मालकी, म्हणजे हाक मिलिक, फक्त इथल्या नागरिकाची. परदेशी माणसाकडे वारशाने किंवा नवराबायकोच्या सामाईक मालमत्तेतून जमीन आलीच तर वर्षभराच्या आत सोडायची, नाहीतर सरकारजमा.

मी साताऱ्याची, नवरा पूर्व जावाचा. दोघं क्रूझवर कामाला होतो, लग्न पुण्यात रजिस्टर केलं, आणि सासरे गेल्यावर त्याच्या गावी राहायला आलो. गाव लुमाजांग जिल्ह्यात, सेंदुरोवरून वर चढत गेलं की लागतं, नाव लिहीत नाही कारण इतकं छोटंय की नाव लिहिलं तर घरच कळेल. हे तेंगेर लोक, ब्रोमो ज्वालामुखीच्या आसपास राहणारे डोंगरी हिंदू. बटाटा, कोबी, लीक कांदा हीच शेती, आणि ती अशा उतारावर की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणलं इथे माणूस उभा कसा राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये दव गोठतं, त्याला इथे एम्बुन उपास म्हणतात, एका रात्रीत बटाट्याचा पाला काळा पडतो.

तर प्रोसेस. सासऱ्यांच्या नावावर घर आणि एक शेत, पण नावावर म्हणजे काय तर पेतोक डी नावाचा एक जुना कागद, आणि त्याची नोंद ग्रामपंचायतीतल्या लेटर सी नावाच्या रजिस्टरात. आपल्याकडे सातबारा आणि फेरफार बघायची सवय असलेल्याला हे ओळखीचंच वाटेल, फरक एवढाच की हा मुळात सारा भरल्याचा पुरावा, मालकीचा नाही. सरकारने २०२१ च्या नियमात पाच वर्षांची मुदत घालून दिली, फेब्रुवारी २०२६ नंतर असले कागद नुसते माहितीपुरते. त्यामुळे सगळ्यांचीच धावपळ सुरू झाली आणि नेमका तेव्हाच आमच्या गावाचा पीटीएसएलमध्ये नंबर लागला. पीटीएसएल म्हणजे अख्ख्या गावाची एकदम मोजणी करून सर्टिफिकेट द्यायची योजना. खर्च सरकारचा, गावपातळीवरच्या तयारीला जावा आणि बालीत दीड लाख रुपियाच घ्यायचे असं ठरलेलंय, आकडा ऐकून घाबरू नका, आपले हजाराच्या आतच.

पण घरात त्याआधीच गाडी अडली होती. सासूबाई, म्हणजे माक, म्हणाल्या एन्तास-एन्तास झाल्याशिवाय वाटणीचा विषय काढायचा नाही. हा इथला मृतात्म्याला मोकळं करायचा विधी, पाना-फुलांची बाहुली करतात, तिला गेलेल्या माणसाचे कपडे घालतात, सगळं गाव जेवतं, आणि खर्च एवढा की लोक साठवत बसतात किंवा दोन-चार घरं मिळून करतात. आमचंही दोन चुलतघरांबरोबर झालं. मला आधी वाटलं कशाला थांबायचं, मुदत चाललीय, पण एक गोष्ट बघितली, त्या दिवशी दोन्ही नणंदा, त्यांचे नवरे, चुलते, शेजारचे शेतवाले सगळे एका जागी होते, आणि चुलीपाशी बसूनच ठरलं की घर आणि घरामागचं शेत धाकट्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कारण माक त्याच्याकडे राहणार, नणंदांना वरची दोन शेतं आधीच दिलेली आहेत. इथे पाहुणा आला की त्याला सरळ स्वयंपाकघरात चुलीजवळच नेतात, थंडीच तेवढी असते, त्यामुळे महत्त्वाचं सगळं बोलणं तिथेच होतं, हॉल नुसता फोटो लावायला. नंतर वारसांचा कागद केला, सगळ्यांच्या सह्या, दोन साक्षीदार, गावप्रमुखाची आणि तालुक्याच्या चामातची, म्हणजे तालुकाप्रमुखाची, सही-शिक्का, आणि प्रत्येक ठिकाणी तो दहा हजार रुपियाचा गुलाबी स्टॅम्प चिकटवायचा आणि सही अर्धी त्याच्यावर आली पाहिजे. नाही आली तर परत.

मग माझा प्रश्न आला. १९७४ च्या विवाह कायद्याप्रमाणे लग्नानंतर कमावलेलं सामाईक, पण वारशाने आलेलं ज्याचं त्याचं. म्हणजे घर आणि मागचं शेत याच्याशी माझा काही संबंध नाही, कायदा क्लिअर आहे. तरी एका ऑफिसात परदेशी बायको म्हणल्यावर समोरचा साहेब थबकला आणि म्हणाला वेगळ्या मालमत्तेचा करार आणा. आणि आम्हाला तो तसाही लागणारच होता, कारण शेजारची एक पट्टी आम्ही चुलतदिराकडून विकत घेतली, ती लग्नानंतरची, म्हणजे सामाईक, म्हणजे कलम २१ थेट डोक्यावर. पूर्वी असा करार लग्नाआधीच करावा लागायचा. जपानी नवरा असलेल्या एका इंडोनेशियन बाईला याच कारणाने फ्लॅट नाकारला, ती इथल्या संविधान न्यायालयात गेली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये निकाल लागला की लग्नानंतरही करार करता येतो. ह्या बाईचे माझ्यावर फार उपकार आहेत. आम्ही लुमाजांगला नोटरीकडे केला, मग लग्नाची इथली नोंद जिथे आहे त्या लोकसंख्या कार्यालयात तो लग्नाच्या नोंदीला जोडून घेतला. हे दुसरं काम लोक विसरतात, नुसता नोटरीचा कागद घेऊन घरी येतात. आता जमिनीवर माझा हक्क नाही असं मीच लिहून दिलंय. आई ऐकून रडली. पण असं लिहून दिलं नसतं तर नवऱ्याने घेतलेली पट्टीच धोक्यात आली असती, हे तिला समजवायला वेळ लागला.

मोजणीच्या आधी बांधाच्या खुणा स्वतः रोवून ठेवायच्या असतात. २०२३ मध्ये तर सरकारने देशभर खुणा रोवायची मोहीमच काढली होती. सपाट रानात ठीक आहे, आमच्याकडे पावसाळ्यात माती सरकते आणि मातीबरोबर खुंटही सरकतो. मागच्या पावसात खालच्या कोपऱ्यातला सिमेंटचा खुंट शेजारच्याच्या कोबीत जाऊन बसला होता. तर मोजणीवाला जीपीएसची काठी घेऊन उभा आणि आमचा शेजारी, सत्तरीचा असेल, खांद्याला सरोंग गुंडाळलेला, तो म्हणतो खुंट नका बघू, आन्दोंग बघा. आन्दोंग म्हणजे लाल पानांचं झुडूप, बांधावर लावतात, मुळं धरतात त्यामुळे सहसा हलत नाही. त्याने स्वतः खुंट उपटून झुडपापाशी आणून ठोकला, म्हणजे स्वतःच्या बाजूची हातभर जमीन आम्हाला परत दिली, आणि कागदावर सही केली. शेजारच्यांच्या सह्यांशिवाय मोजणी पुढे जात नाही, त्यामुळे ज्याचं शेजाऱ्याशी वाकडं आहे त्याने आधी ते मिटवावं, ऑफिसात जाऊन काही होत नाही.

खरी काळजी गावाला वेगळीच होती. इथला जुना रिवाज आहे की जमीन बाहेरच्याला विकायची नाही. पेतोक डी होतं तोवर बाहेरचा कोणी घेऊन करणार काय, नोंद गावाच्याच रजिस्टरात. सर्टिफिकेट आलं की बँक तारण घेणार, कर्ज थकलं की लिलाव, आणि ब्रोमोला येणारे टुरिस्ट बघून होमस्टे टाकायला सुराबाया शहरातले लोक टपलेलेच आहेत. पंचायतीत यावर मोठी मीटिंग झाली, गावप्रमुख ज्यांना इथे पेटिंग्गी म्हणतात ते, आणि विधी करणारे दुकुन पंडित, दोघांनीही सांगितलं की सर्टिफिकेट घ्या पण विकायची वेळ आली तर आधी गावात विचारा. कायद्याच्या दृष्टीने याला किती किंमत आहे माहीत नाही, माझ्या मते फारशी नाही, पण ज्याला उद्या लेकीचं लग्न आणि बापाचं एन्तास-एन्तास गावातच करायचंय तो मोडणार नाही.

सेफ्टीबद्दल सगळे विचारतात म्हणून तेही. चोरी जवळपास नाही, दाराला दिवसा कडीसुद्धा नसते. रात्री पुरुष पाळीपाळीने गस्त घालतात, चौकीत केन्तोंगान, म्हणजे ठोकून इशारा द्यायचा पोकळ लाकडी ओंडका, टांगलेला असतो, दोन ठोके म्हणजे चोर, तीन म्हणजे आग. बाहेरून कोणी राहायला आलं तर चोवीस तासांत कळवायचं अशी पाटीच आहे, माझा भाऊ आला तेव्हा त्याची बॅग उघडायच्या आधी आम्ही वाडीप्रमुखाकडे पासपोर्ट दाखवून आलो. सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्याच बाजूला नॅशनल पार्कच्या हद्दीत गांजाची शेतं सापडली, तेव्हापासून अनोळखी मोटरसायकल दिसली तरी दोघंतिघं उठून बघतात. मला भीती वाटते ती डोंगराची. ४ डिसेंबर २०२१ ला सेमेरू ज्वालामुखी फुटला, पन्नासच्या वर माणसं गेली, लुमाजांगला मलंगशी जोडणारा ग्लादाक पेराक पूल वाहून गेला. ते सगळं पलीकडच्या दक्षिण उतारावर, पण गाळाचा लोट ज्या ओढ्याने आला त्या काठच्या लोकांचे कागदही घरांबरोबर गाडले गेले असणार, म्हणून मी आमचे सगळे स्कॅन करून साताऱ्याला भावाला पाठवून ठेवलेत.

मोजणीनंतर नकाशा आणि नावं चौदा दिवस पंचायतीच्या बोर्डावर लावतात, कुणाची हरकत असेल तर तेव्हाच. आमच्या घरावर आली नाही. सर्टिफिकेट मिळालं ते जुन्या हिरव्या पुस्तकासारखं नाही, नवीन इलेक्ट्रॉनिक पद्धतीचं, एक कागद आणि क्यूआर कोड. माकला ते अजिबात पटलेलं नाही, एवढ्या धावपळीचा एकच कागद कसा म्हणतात, आणि पेतोक डीचा मूळ कागद ऑफिसात जमा करावा लागला त्याचा राग वेगळा. विकत घेतलेल्या पट्टीचं काम अजून बाकी आहे, ती योजनेत बसली नाही म्हणून नेहमीच्या मार्गाने पैसे भरून करतोय, फाइल आत आहे आणि मोजणीवाले म्हणाले बटाटा काढून घ्या, मग येतो.