आधी फ्लॅट नंबर, नाहीतर मोबाइल

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशोब आज एकदाचा जुळला! बँकेच्या नोंदी सभासदांच्या यादीशी पॉवर क्वेरीत, म्हणजे एक्सेलमधल्या तक्ते जोडायच्या साधनात, जोडायच्या होत्या. पैसे भरताना कुणी फ्लॅट नंबर लिहितो, कुणी नुसता मोबाइल. मर्जमध्ये, म्हणजे दोन तक्ते जोडताना, कंट्रोल दाबून दोन्ही कॉलम निवडले, तर दोन्ही जुळले तरच ओळ जुळते. ‘हे किंवा ते’ तिथे नाही. मग दोनदा लेफ्ट आउटर मर्ज (पहिल्या तक्त्यातल्या सगळ्या ओळी राखणारी जोडणी) केलं, आधी फ्लॅटवर, मग मोबाइलवर. पहिलं उत्तर रिकामं असेल तर दुसरं घे, एवढाच कंडिशनल कॉलम.

तरी बी-२०४ अडलाच. यादीत कॅपिटल बी, नोंदीत स्मॉल. पॉवर क्वेरीला ती दोन वेगळी अक्षरं.

त्या घरातल्या काकूंनी पैसे भरूनही तीन महिने त्यांचं नाव थकबाकीच्या यादीत, नोटीस बोर्डावर. फार वाईट वाटलं. संध्याकाळी खाली जाऊन मीच ते खोडलं.