स्वस्त ग्रासकटर आणि कोरडी हीर

आमचं घर गोव्यात, सावईवेऱ्याला. मागे पोफळी, माड, थोडी काजू, आणि पाऊस लागला की पंधरा दिवसांत कमरेएवढं रान. पूर्वी बेणणीला माणसं मिळायची. आता वाड्यावर ग्रासकटरवाला एकच. चार दिवस आधीपासून त्याला फोन करायचे, दिवसाचे पंधराशे द्यायचे, वर पेट्रोल आपलं. दोन वर्षं हे केलं आणि एप्रिल २०२५ मध्ये मीच ऑनलाइन मशीन मागवलं. ५२ सीसी, टू-स्ट्रोक, ७,४०० रुपये. नावाजलेल्या कंपनीचं मशीन फोंड्याच्या दुकानात वीस हजारांच्या पुढे सांगत होते. बाबा म्हणाले, "स्वस्त घेतोस रे, पण बिघडलं की नेणार कुठं?" मी म्हटलं, सहा महिन्यांची वॉरंटी आहे.

पहिला दीड महिना मशीन झकास चाललं, हे आधी सांगतो. लिटरभर पेट्रोलला चाळीस मिली टू-टी ऑइल. खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं झाकण मी त्यासाठी राखून ठेवलं होतं, मोजून चार झाकणं. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून काम झालं की टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, हे शेजारच्या काकांनी शिकवलं. तेवढं मी नेमाने केलं. सोबत आलेलं पुस्तक मात्र पिशवीतून बाहेर काढलं नाही. (रान मारताना लावायचा चष्माही पहिल्या दिवशी घातला नव्हता. कपाळावरची खूण अजून आहे.)

मे संपायच्या आतच पाऊस लागला आणि रान माजलं. जूनमध्ये एका रविवारी विहिरीकडची बाजू मारत होतो. खालून 'किर्र' आवाज आला आणि ब्लेड थांबलं. इंजिन मात्र ओरडतंय. बंद केलं, तर ब्लेडजवळचा गिअरबॉक्स इतका तापलेला की बोट टेकवेना. निवल्यावर ब्लेड हाताने फिरवलं. आतले दाते एकमेकांवरून घसरत होते.

कस्टमर केअरला फोटो पाठवले. तीन दिवसांनी उत्तर आलं: ब्लेड दगडाला आपटलं असणार, असं नुकसान वॉरंटीत बसत नाही. आमच्याकडे दगड म्हणजे चिरा. चिऱ्याला आपटलेलं ब्लेड लपत नाही, त्याचं टोक तरी मुडपतं. माझं सरळ होतं.

संध्याकाळी काका आले. गिअरबॉक्सच्या बाजूला एक छोटा बोल्ट असतो, तिथून ग्रीस भरतात. त्यांनी तो काढला, झावळातली एक हीर, म्हणजे पात्याची मधली काडी, सोलून आत घातली आणि बाहेर ओढली. कोरडी. टोकाला तेवढी चंदेरी भुकटी. "ह्यात ग्रीस कुणी घातलंच नाही," काका म्हणाले. मोबाइलवर घेता यावं म्हणून त्यांनी तेच पुन्हा एकदा करून दाखवलं. मग मी पुस्तक काढलं. त्यात लिहिलंच होतं की वापरण्याआधी ग्रीस तपासावं. काका माझ्याकडे बघत होते, मी पुस्तकाकडे.

व्हिडिओ पाठवल्यावर कंपनी जरा नरमली. मशीन पाठवा म्हणाली. सेंटर घाटापलीकडे. कुरिअरवाल्याने खोका नाकाजवळ नेला आणि परत केला, पेट्रोलचा वास येतो म्हणून. टाकी उघडी ठेवून चार दिवस पडवीत पंख्याखाली वाळवली. भर पावसात काय वाळणार! दुसऱ्या खेपेलाही तेच.

शेवटी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. मराठीतूनच बोललो. बिल, फोटो आणि हिरीचा व्हिडिओ पोर्टलवर चढवला, तक्रारीचा नंबर मिळाला. इतके दिवस मला तासभर गाणं ऐकवणाऱ्या कंपनीने आठवड्याच्या आत स्वतः फोन केला. मशीन नको, नवा गिअरबॉक्स घरी पाठवतो, तुम्हीच बसवा. मला ते बरंच वाटलं, दोन बोल्टांचं तर काम.

जुलैअखेर गिअरबॉक्स आला. दांडीवर चढेना. काकांनी पट्टी लावली: माझी दांडी २८ एमएमची, गिअरबॉक्स २६ चा. ह्या स्वस्त मशिनींत दोन्ही मापं चालतात, आणि ऑर्डर करताना ते कुणी सांगत नाही.

पुन्हा मेल, पुन्हा "वाट पाहा". २७ ऑगस्टला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, पाहुणे येणार आणि तुळशीपासून गेटपर्यंत वाट दिसत नव्हती. शुक्रवारी म्हापशाला गेलो, बाजारालगतच्या एका दुकानात जुना गिअरबॉक्स दाखवला. दुकानदाराने माप घेऊन २८ चा काढून दिला, ६५० रुपये. त्या रात्री कंपनीला लिहिलं की हे पैसे द्या, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात येतो. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, हेही लिहिलं. तिसऱ्या दिवशी ६५० रुपये खात्यात जमा.

नवा बसवण्याआधी त्यात ग्रीस भरलं, हीर घालून बघितली, मगच दोरी ओढली. चवथीला वाट मोकळी होती.

चवथीनंतर कंपनीकडून आणखी एक खोका आला. उघडला. गिअरबॉक्स, २६ एमएम. दोन्ही माळ्यावर पडून आहेत. कुणाची दांडी २६ ची असेल तर येऊन घेऊन जा, ग्रीस मात्र आपलं आणा.